कालव्यापलीकडची शाखा

रस्ता खणून ठेवला होता म्हणून बस नेहमीची वाट सोडून कालव्याच्या पुलावरून गेली, एवढंच झालं. तो खिडकीशी बसला होता. मांडीवर साच्यांची पेटी होती, पेटीत अनोळखी माणसांच्या हिरड्या प्लास्टरमध्ये घट्ट होऊन बसल्या होत्या, आणि उद्या सकाळी यांतलं कुणाचं तोंड आधी हातात घ्यायचं याचा तो विचार करत होता. कवळ्या बनवण्यात जन्म गेलेल्या माणसाच्या डोक्यात दुसरं काय असणार! पूल उतरल्यावर बस चौकात अडकली, त्याने मान वर केली, आणि समोर मिशीवाला. पाटीवरचा तोच गुबगुबीत आचारी, एका हातावर झाकलेलं भांडं तोलून धरलेला, मिशांची टोकं वर वळवलेली. उन्हाने त्याचे गाल पांढरे पडले होते. एका बाजूचा दिवा गेल्यामुळे तो अर्ध्या तोंडाने हसत होता. पण होता, जागेवर होता. मिशीवाल्याला तो मनाने केव्हाच पोचवून आला होता.

हॉटेलाचं खरं नाव वेगळं होतं, पाटीवर ते मोठ्या अक्षरांत होतंही, पण दोघांनी ते कधी घेतलं नाही. शनिवारी मिशीवाल्याकडे, एवढंच म्हणायचं. एके काळी शहरातल्या प्रत्येक बऱ्या चौकात त्याची एक शाखा असायची. सगळीकडे तेच पिवळे खाली लोंबणारे दिवे, त्याच लालसर गाद्यांच्या बाकांच्या जोड्या, तेच झुलतं दार, आणि जेवणाच्या चित्रांचं तेच जाड, चकचकीत कार्ड. साधी माणसं तिथे बायकामुलांना घेऊन जात आणि बाहेर पडताना जरा ताठ चालत. मग नवी हॉटेलं आली, काचेची, मोठ्या आवाजाची, आणि मिशीवाल्याच्या शाखा एकामागून एक गेल्या. कधी गेल्या हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्याच्याही आलं नव्हतं. ते लक्षात आलं नाही याचंच त्याला आता, बस सुटता सुटता, वाईट वाटलं, आणि काही ठरवायच्या आत त्याने बायकोला फोन लावला.

"मिशीवाला अजून आहे," तो म्हणाला. कशी आहेस नाही, काय करतेस नाही.

पलीकडे नातवाने काहीतरी आपटल्याचा आवाज आला. "कोण मिशीवाला?" ती म्हणाली, आणि मग तिचं तिलाच आठवलं. "अगं बाई! आपला? अजून चालू आहे?"

"आत्ता बघितला. बसमधून."

"मला वाटलं कधीच बंद झाला तो."

"शनिवारी येतेस? दुपारी. नेहमीसारखं."

नातवाला कुणीतरी उचलून दुसऱ्या खोलीत नेल्यासारखा त्याचा आवाज लांब गेला. "येते," ती म्हणाली. "सूप मिळतं का हो अजून?"

"मिळत असणार."

कुठे यायचं ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. घरी यायचं असलं तर पत्ता कोण विचारतं?

बायको मुलीकडे राहते असं तो लोकांना सांगत असे, आणि ते खरंच होतं. मुलगी बाळंत झाली तेव्हा ती मदतीला म्हणून गेली, तीन महिन्यांसाठी, लहान बॅग घेऊन. मग बाळाला दात येऊ लागले, मग मुलगी पुन्हा नोकरीवर जायला लागली, मग बाळ चालायला लागलं, आणि दरवेळी फोनवर ती म्हणायची, एवढं जरा निभावते. तोही म्हणायचा, हो हो, निभाव. दोन वर्षं झाली होती. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं, असं त्याला कधी कधी वाटे, कारण भांडण मिटवता तरी येतं. तिने मी गेले असं म्हटलं नव्हतं, त्यामुळे तू परत ये असं म्हणायची सोय नव्हती. ते म्हणणं म्हणजे ती गेली हे मान्य करणं. म्हणून तो गप्प राहिला, आणि गप्प राहण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण बस चौकातून वळली तेव्हा त्याचं ठरलं. शनिवारी, त्या टेबलावर, सूप पिऊन झाल्यावर, तो तिला परत ये म्हणणार होता.

शनिवारी तो फार लवकर पोचला. दार ढकलल्यावर वास आला, उकळलेल्या भाजीचा, जुन्या तेलाचा आणि फरशी पुसायच्या औषधाचा, आणि तो वास त्याला इतका ओळखीचा वाटला की तो दाराशीच उभा राहिला. आत दोन टेबलांवर माणसं होती. एक म्हातारा पेपर वाचत होता आणि एक बाई तिच्या लहान मुलाला बटाटे कापून देत होती. बाकीचे पिवळे दिवे नुसतेच रिकाम्या टेबलांवर लोंबत होते. लाल गाद्या फाटल्या होत्या तिथे लाल चिकटपट्टी लावली होती. पट्टीचा लाल आणि गादीचा लाल जुळत नव्हता, आणि रंग जुळवण्यात आयुष्य गेलेल्या त्याच्या डोळ्यांना ते आधी दिसलं. तो कुणाला न विचारता कोपऱ्यात गेला, खिडकीशी, झुलत्या दाराच्या अलीकडे. पाय आपसूक वळले. खिडकीकडची बाजू तिची, म्हणून तो आतल्या बाजूला बसला. बाकाची गादी खाली गेली आणि फुस्सकन आवाज आला, तोही जुना.

वाढणारी बाई आली. साठीची असेल, अंगात जाड लोकरी स्वेटर, पायात पट्ट्यांच्या चपला. ती हसली आणि त्याने सवयीने पाहिलं, वरची कवळी, जरा सैल, बोलताना किंचित खाली येते. आपलं काम नव्हे हे, त्याच्या मनात आलं. बायको त्याला म्हणायची, समोरच्याचं तोंड बघ रे, दात काय बघतोस! दातोबा म्हणायची ती त्याला. लग्नाआधीपासून.

"महिनाअखेरीला बंद होणार," बाई कार्ड ठेवत म्हणाली. "ही शेवटचीच उरलीय. सूप आहे, चिकन आहे, मासा आज नाही. आइस्क्रीम आहे, पण उंच पेले नाहीत, वाटीत देईन."

"सूप पुन्हा मिळतं ना? हवं तितकं?"

"कार्डावर लिहिलंय ना," ती म्हणाली. "मग मिळणारच. आता कोण एवढं पितंय."

कार्डावरची चित्रं निळी पडली होती. निळं चिकन, निळे बटाटे. त्याने सूप मागवलं, एकच, आणि बायको येतेय असं सांगितलं. सांगताना आवाज जरा मोठाच झाला.

एकच सूप मागवायचं हा दोघांचा नियम होता. सूप एकदा घेतलं की पुन्हा फुकट, पण ज्याने घेतलं त्यालाच. मग पहिली वाटी तिची आणि दुसरी त्याची. वाटी टेबलावर मधोमध ठेवायची, बाई वळली की सरकवायची. वाढणाऱ्या बाईंना कळत असणारच, पण त्या झुलत्या दाराकडे बघत राहायच्या. तेव्हा दोघं एका खोलीत राहत होते, आणि खोलीत त्याची आईही होती. मध्ये पडदा, पडद्याच्या एका बाजूला आईची खोकल्याची बाटली आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा नवा संसार. पडद्यामागे माणूस हळू बोलायला शिकतो, आणि मग हळूच बोलत राहतो. घरात ती त्याला अहो म्हणायची, आईसमोर दुसरं काय म्हणणार. मिशीवाल्याचं दार ढकललं की तू. तू गाढव आहेस, तू आधी घास घे, तू माझ्याकडे असा बघू नकोस. इथे ती मोठ्याने हसायची, वाद घालायची, हात उडवून बोलायची. एकदा तिच्या हाताने मीठदाणी थेट शेजारच्या टेबलावर गेली, आणि ती उठून त्या लोकांकडूनच मागून आणताना म्हणाली, आमचं मीठ जरा तुमच्याकडे आलंय. तो घरातल्या बायकोशी लग्न करून राहिला होता, पण प्रेम त्याचं या शनिवारच्या बाईवर होतं, आणि ती आठवड्यातून एकदाच यायची.

सूप आलं. त्याने चमचा उचलला नाही. राहू दे, ती येईपर्यंत निवेल इतकंच. वाफेकडे बघताना त्याला ती पहिल्यांदा त्याच्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेत आली ते आठवलं. तिचा पुढचा दात पायरीवर आपटून तुटला होता आणि दाताच्या डॉक्टरांनी तिला थेट त्याच्याकडे पाठवलं होतं, रंग जुळवायला. कागदावर लिहून पाठवलेला रंग नेहमी चुकतो, माणूसच समोर उभं करावं लागतं, उजेडात. त्याने तिला खिडकीशी उभं केलं आणि पट्टीवरचे नमुन्याचे दात एकेक करून तिच्या ओठाजवळ धरले. "हसा," तो म्हणाला. "कारण सांगा," ती म्हणाली, "मग हसते." त्याने सांगितलं की आज ढग आहेत, उद्या या. दुसऱ्या दिवशी ऊन जास्त आहे म्हणाला. तिसऱ्या खेपेला तिने त्याच्याकडे नीट बघून विचारलं, "माझ्या दाताचा रंग रोज बदलतो, की तुमचा विचार?" तो दात त्याने इतका मन लावून केला की वरिष्ठ तंत्रज्ञ म्हणाले, हा बाकीच्या तोंडापेक्षा खरा दिसतोय. आणि दात बसवला त्या शनिवारी ती त्याला इथे घेऊन आली. काहीतरी कडक चावून बघायचंय म्हणाली.

आणि गरोदर असल्याचं तिने सांगितलं तेही इथेच, याच बाकावर, खिडकीकडे पाठ टेकून. सूपची दुसरी वाटी आली, त्याने हात पुढे केला, तिने वाटी स्वतःकडे ओढली. "आज दुसरीही माझीच." तो म्हणाला, ठीक आहे, भूक लागली असेल. "दोघांना लागते," ती म्हणाली. त्याला कळायला इतका वेळ लागला की ती निम्मी वाटी संपवून मोकळी झाली. मग तो रडला होता. तिने त्याच्यापुढे कागदी रुमालांचा अख्खा गठ्ठा ठेवला आणि म्हणाली, हे फुकट आहेत, वापर.

त्याने टेबलाच्या कडेखालून हात फिरवला. ते त्याने ठरवून केलं नाही, पण हात तिकडेच जायला निघाला होता. विचारात असली की ती केसांची पिन काढायची आणि टेबलाच्या कडेला खालच्या बाजूने रेघा ओढत बसायची. हॉटेलचं लाकूड आहे, काय करतेस, तो म्हणायचा. दिसत नाही खालून, ती म्हणायची. खिडकीकडच्या बाजूला, तिचा उजवा हात यायचा तिथे, बोटांना रेघा लागल्या. बारीक, एकीला लागून एक. तो वाकला, मान तिरकी करून त्याने पाहिलं, आणि होत्या. धुळीने काळ्या झालेल्या रेघा. पेपरवाला म्हातारा आपल्याकडे बघतोय हे त्याला दिसलं, पण त्याला उठता येईना. या दोन वर्षांत घरातल्या कपाटात तिचे कपडे बघून त्याला रडू आलं नव्हतं, पलंगाची रिकामी बाजू बघून आलं नव्हतं, आणि आता टेबलाखाली डोकं घातलेल्या अवस्थेत डोळे भरून आले. तो वर आला तेव्हा चष्मा ओला होता. एवढं जर इथे शिल्लक आहे, त्याला वाटलं, तर बाकीचंही असेल. नुसतं मागायचं राहिलं असेल.

कसं म्हणायचं ते तो मनाशी बोलून बघायला लागला. घरी कधी येतेस, असं सहज म्हणावं, जणू ती भाजी आणायला गेलीय. नाही, ते फार सहज. तुझ्याशिवाय करमत नाही, हे त्याच्या तोंडी शोभलं नसतं, ती हसली असती. आई गेल्यावर घर दोघांचं झालं होतं, पडदा काढून टाकला होता, आता कुठेही तू म्हणता आलं असतं. पण तोवर अहो अंगवळणी पडलं होतं, आणि हळू बोलणंही. मुलगी लहान होती, कामं वाढली, शनिवारीही तो कवळ्यांसाठी मेण वितळवत बसे. मिशीवाल्याकडे जाणं कधी थांबलं? भांडून थांबलं असतं तर तारीख आठवली असती. थांबलं, आणि तेव्हापासून ती शनिवारची बाई कुठे राहायला गेली ते त्याने कधी विचारलं नाही. हेच म्हणावं. तू इथे जशी होतीस तशी घरी ये, असं म्हणावं. त्याला ते वाक्य बरं वाटलं. त्याने ते हळू आवाजात म्हणूनही पाहिलं, समोरच्या रिकाम्या बाकाला.

सूपवर साय धरली. त्याने एक चमचा घेतला. चव तीच होती, किंवा त्याला तसं वाटायचं होतं. मग फोन वाजला.

"अहो, कुठे आहात?"

"मी केव्हाचा येऊन बसलोय. कोपऱ्यातलं टेबल मिळालं," तो म्हणाला. "तू कुठे आहेस?"

"मीही केव्हाची आलेय. इथे मिशीवाला नाहीच आहे. गाद्यांचं दुकान आहे."

"कसलं दुकान?"

"गाद्यांचं. झोपायच्या. मी दोनदा रस्ता ओलांडून बघितलं, म्हटलं आपलंच काही चुकलं. शेजारी औषधवाल्याला विचारलं, तो म्हणाला, मिशीवाला जाऊन जमाना झाला."

त्याला काय झालंय ते अजून कळलं नव्हतं. त्याला तिचीच काळजी वाटली, की ती भलतीकडे उतरली. "अगं, पूल उतरला की चौकात," तो म्हणाला, "कालव्यापलीकडे."

"कालव्यापलीकडे?" ती म्हणाली. मागून रस्त्याचा आवाज येत होता. "तिथे आपण कशाला गेलो असू? आपला बसस्टँडसमोरचा. खोलीवरून चालत यायचो आपण. बसला तरी कुठे जवळ पैसे असायचे?"

चालत. हो, चालत यायचे. घाईने, तिचा हात आपल्या खिशात घालून, आणि वाटेत कालवा नव्हता. कालवा ओलांडल्याचं त्याला कधीच काही आठवलं नव्हतं, आणि इतका वेळ त्याला त्याचं नवलही वाटलं नव्हतं.

"इथे सगळं तसंच आहे," तो म्हणाला. ते त्याचं त्यालाच केविलवाणं वाटलं.

"तसंच असणार. त्यांचं सगळीकडे तसंच असायचं." आणि मग ती हसली, पूर्वीसारखी, मोठ्याने. "अरे वेड्या, जागासुद्धा आठवली नाही तुला?" पण हसू मध्येच थांबलं, आणि थांबल्यावर फोनमध्ये नुसता रस्ता राहिला.

"तिथेच थांब. मी येतो."

"आणि सूप?"

"येतो मी."

"बरं," ती म्हणाली. "मी आत बसते मग. दुकानदार मघापासून बसा बसा म्हणतोय. बसायला इथे काही कमी नाही."

बाईने हिशेब आणला तेव्हा त्याने विचारलं, हे टेबल इथे पहिल्यापासून आहे का. बाईने टेबलाकडे असं पाहिलं की जणू तिला ते आजच दिसलं. "एकेक शाखा बंद झाली की तिथलं चांगलं असेल ते सामान इथे आणून बसवायचे," ती म्हणाली. "आमचं जुनं त्यांनी भंगारात घातलं. आता कुठलं कुठून आलं कोण सांगणार? सगळी टेबलं एकसारखीच." तो क्षणभर उभा राहिला. बसस्टँडसमोरचंही असेल कदाचित. किंवा आणखी कुठल्या चौकातलं, जिथे आणखी कुठलीशी बाई विचारात पडली की पिन काढायची. पुन्हा वाकून बघावं असं त्याला वाटलं, आणि बघून काय होणार हेही कळलं. बाई वाटी उचलत म्हणाली, "नाही आल्या का त्या?" तो म्हणाला, "आल्यात, पण दुसरीकडे."

बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली नाही. दांड्याला धरून उभा असताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की तासभर आपण जे बघत होतो ते कशाला बघत होतो. दिवे ते नव्हते, खिडकी ती नव्हती, आणि तरी दुसऱ्या वाटीची गोष्ट त्या बाकावर जशीच्या तशी येऊन बसली होती. मग आपल्याला नक्की आठवतंय काय, तिचं बोलणं की दिव्याची उंची? ती मात्र सरळ बरोबर जागी जाऊन उभी राहिली. हॉटेल नाही, पाटी नाही, काही नाही, तरी. त्याला तिची फार ओढ लागली. फोनवर ऐकलेल्या त्या एका हसण्याची लागली. घाई करा असं त्याला ड्रायव्हरला सांगावंसं वाटलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपण, नातवासाठी नव्हे, तिच्यासाठी तिच्याकडे निघालोय, नेहमीसारखी ती आपल्याकडे येत नाहीये, हे त्याच्या लक्षात आलं. प्रयोगशाळेत ती आली होती. खोलीत ती आली होती. तो खिडकीशी उभा राहून रंग बघत होता.

दुकान लांबलचक होतं. आत नव्या फोमचा आणि प्लास्टिकचा वास होता आणि सगळीकडे उघडे पलंग, एकाला लागून एक, वर गाद्या, कुणीच न झोपलेल्या. ती मधल्या एका पलंगाच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर, पाय जुळवून, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी. केस तिने बारीक कापले होते. तिला ते चांगले दिसत होते, आणि ते कधी कापले हे आपल्याला माहीत नाही याची त्याला लाज वाटली. ती त्याला बघून हसली. बाकीचे दात वयाने पिवळसर झाले होते. त्याने केलेला तेवढा होता तसाच राहिला होता, तिच्या तरुणपणीच्या रंगाचा, आणि म्हणून आता तो वेगळा कळत होता.

"या," ती म्हणाली. "हे बघा. दार तेच आहे, फक्त काच नवी. ते उशांचं कपाट आहे ना, तिथे झुलतं दार. आणि आपलं टेबल त्या निळ्या चादरीच्या पलंगाच्या जागी. खिडकी बुजवलीय त्यांनी." ती उठून तिथे जाऊन उभी राहिली, हाताने टेबलाची लांबी दाखवली. "मी इकडे, तुम्ही तिकडे. आठवलं?"

त्याने निळ्या चादरीकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. सगळं जोर लावून पाहिलं. काही म्हणता काही आठवलं नाही. पलंग होता, त्यावर सवलतीची पाटी होती.

"हो," तो म्हणाला.

"खोटं बोलताय," ती म्हणाली, पण रागावली नाही. ती निळ्या चादरीवर बसली आणि तोही बसला, मध्ये थोडं अंतर सोडून. आता म्हणायला हवं होतं. बाकाला म्हणून दाखवलेलं वाक्य त्याने शोधलं, पण त्यात इथे हा शब्द होता, आणि इथे म्हणजे कुठे हे आता धड सांगता आलं नसतं. "मी म्हणत होतो," त्याने सुरुवात केली.

तेवढ्यात दुकानदार आला, गळ्यात मोजपट्टी घातलेला, हसतमुख. "भेटले ना साहेब? बाई म्हणत होत्या येतायत. सावकाश बघा. दोघांसाठीच बघताय ना?"

त्याने दुकानदाराकडे पाहिलं नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं. जे त्याला दोन वर्षांत विचारता आलं नाही ते गळ्यात मोजपट्टी घातलेल्या माणसाने एका दमात विचारलं होतं, आणि आता उत्तर येईपर्यंत थांबण्याखेरीज काही हातात नव्हतं. ती चादरीवरची सुरकुती तळव्याने सारखी करत होती.

"एकासाठी," ती म्हणाली. "यांच्यासाठी. यांची पाठ दुखते."

दुकानदार एकट्याच्या गाद्या दाखवायला पुढे झाला. ती उठली नाही. "तुम्ही आज काय विचारणार होतात ते मला फोनवरच कळलं होतं," ती हळू म्हणाली, दुकानदाराला ऐकू जाऊ नये इतकं, पडद्यामागे बोलायची तसं. "म्हणून आले. विचारलंत तर हो म्हणू या, असंसुद्धा ठरवलं होतं येताना. मग इथे तासभर एकटीच बसले." ती पुन्हा चादर सारखी करू लागली. "पहिलं वर्षभर मला वाटायचं तुम्ही न्यायला याल. बॅग हाताशीच ठेवली होती. तुम्ही यायचात, नातवाला खेळणं द्यायचात, चहा प्यायचात, आणि सावकाश ये म्हणून जायचात. मग मी बॅग माळ्यावर टाकली. आता तिथे माझं नीट चाललंय हो. नका विचारू. तुम्हाला नाही म्हणायला मला फार जड जाईल."

"नाही विचारत," तो म्हणाला. तिने त्याच्या हातावर हात ठेवला, त्याच्या बोटांच्या फटींत प्लास्टर असायचंच, ते तिने नखाने खरवडून काढलं, नेहमी काढायची तसं, आणि मग उठून दुकानदाराच्या मागे गेली. एकेक गादी तिने तळव्याने दाबून बघितली, कोपर टेकवून बघितली. ही फार मऊ, यावर माणूस बुडेल. ही बरी आहे, पण कडा लगेच खचतील. दुकानदार फोमचं काही सांगत होता, ते तिने अर्धंच ऐकलं. "वाकून काम असतं यांचं दिवसभर," ती त्याला म्हणाली. शेवटी एकीपाशी ती थांबली. "इकडे या. झोपून बघा."

"इथे?"

"लाजताय काय? मघाशी मला झोपवलं होतं यांनी."

त्याने बूट काढले आणि आडवा झाला, एका कडेला, कुशीवर, हात पोटाशी. छताला पांढऱ्या नळ्यांचे दिवे होते. ती वरून त्याच्याकडे बघत होती, एकदा पाठीकडे, एकदा गादीच्या मोकळ्या राहिलेल्या भागाकडे.

"अजून भिंतीला लागूनच झोपता?"

"हो."

"का? अख्खा पलंग असतो की."

"तुझी बाजू असते ती," तो म्हणाला.

तिने त्याच्या खांद्याला हात लावला आणि जरासं ढकललं. "सरका," ती म्हणाली. "मधे झोपा आता."

तो सरकला आणि उताणा झाला. तिने वाकून त्याच्या कमरेखालून हात घालून पाहिला, पाठ टेकली आहे ना ते, आणि दुकानदाराला म्हणाली, "हीच द्या."